परतीचा रस्ता आणि आज्ञार्थ

मराठी कथात्म साहित्यात शाळेची वर्णने पुष्कळ आहेत. शाळा सुटल्यावर घरी परतण्याच्या रस्त्याची त्या मानाने थोडी. मात्र जिथे तो रस्ता आला आहे तिथे तो दोन ठिकाणांमधले निव्वळ अंतर म्हणून आलेला नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी आम्ही दोघांनीही निरनिराळ्या वर्षी पदवीच्या वर्गाला शिकवली आहे. तीत मुलांचे रस्त्याने येणे-जाणे, रेंगाळणे, कुणाच्या तरी मागून अंतर राखून चालणे यांना वर्गातल्या तासांइतकेच, किंबहुना काकणभर अधिकच महत्त्व आहे. शाळेची घंटा झाल्यापासून घराचे दार दिसेपर्यंतचा हा वेळ मास्तरांच्या ताब्यात नसतो आणि आईवडिलांच्याही नसतो. मुलाला स्वतःचा म्हणून मिळालेला तो बहुधा पहिला वेळ.

ही कादंबरी शिकवताना अलीकडे एक अडचण येते. या रेंगाळण्याविषयी बोलू लागलो की वर्गातले बरेच चेहरे कोरे राहतात. 'तुम्ही शाळेतून घरी कसे येत होता?' असे विचारले, तर व्हॅन, रिक्षाकाका, स्कूलबस, आईची स्कूटर, बाबांची गाडी अशी उत्तरे येतात. चालण्याविषयी, सायकलविषयी, एसटीच्या पासविषयी बोलतात ती बहुतेक खेड्यांतून शहरात शिकायला आलेली मुले. शहरी मुलांनी रस्ता पाहिलेला असतो, पण खिडकीतून. त्यांना आपण दोष देऊ शकत नाही. त्यांच्या पालकांनी रस्त्याकडे पाहिले आणि मुलांना त्यावरून उचलून घेतले, इतकेच.

आमची दोन मुले शाळेतून सायकलने घरी येतात. थोरली नऊ वर्षांची. ती स्वतःची सायकल चालवते. धाकटा पाच वर्षांचा. तो आमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलेल्या खुर्चीत पट्टा बांधून बसतो. आम्हां दोघांपैकी ज्याचा दुपारचा तास लवकर संपतो, तो किंवा ती त्या दिवशी आणायला जाते. शाळा पेठेत, घर कोथरूडला. म्हात्रे पूल, नळ स्टॉप, मग शक्य तितक्या आतल्या गल्ल्यांतून पौड फाट्याच्या पुढे, असा साडेचार किलोमीटरचा रस्ता. सव्वापाचला शाळा सुटते, सहाच्या आत आम्ही घरी असतो. प्रस्तुत लेखाचा विषय ही मधली चाळीस-पंचेचाळीस मिनिटे आहेत. अधिक नेमके सांगायचे तर त्या मिनिटांत आमच्या भाषेचे जे होते ते.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. शाळेच्या फाटकातून मुले बाहेर येतात ती स्वार्थात बोलत. 'आज मधल्या सुट्टीत ना, आमच्या वर्गात एक पाकोळी आली,' असे थोरलीचे वाक्य सुरू होते. सायकली रस्त्यावर येतात आणि आमची भाषा एका झटक्यात आज्ञार्थात जाते. 'डावीकडून चल. ब्रेक धर. थांब. आता नको. पुढची रिक्षा बघ. दार उघडेल, लांबून जा. खड्डा! हात दाखव. हललास तर हँडल वळते, नीट बस.' एरवी आम्ही घरात फारसे हुकूम सोडणारे लोक नाही. पण पुलावर, उजव्या कोपराला घासून पीएमपीची बस जात असताना, 'तू जरा डावीकडे सरकलीस तर बरे होईल' असे वाक्य पूर्ण करण्याइतका अवकाश कुणालाच नसतो. मागच्या वाहनाचा आवाज कानात, पुढच्या मुलीचे चाक डोळ्यांत, पाठीमागच्या मुलाचे वजन कमरेत, आणि तोंडात एक-दोन शब्दांची क्रियापदे. असा तो प्रवास असतो.

पाकोळीचे काय झाले, हे आम्हांला अनेकदा कळत नाही. पुलावर तुटलेले वाक्य पूल ओलांडल्यावर ती पुन्हा उचलते, नळ स्टॉपला ते परत तुटते. घरी आल्यावर, पाणी पिऊन, आम्ही सावकाश विचारतो, 'मग त्या पाकोळीचे पुढे काय झाले?' तेव्हा ती म्हणते, 'काही नाही.' ज्यांना लहान मुले आहेत त्यांना या 'काही नाही'चा अर्थ सांगायला नको. दिवसाची हकीकत सांगण्याची एक वेळ असते. ती टळली की हकीकत शिळी होते, आणि मुलाच्या दृष्टीने शिळी हकीकत सांगण्याजोगी उरत नाही. आम्हांला विचाराल तर या रस्त्याने आमच्याकडून घेतलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. दमणूक, घाम, पावसाळ्यात टोपीमुळे न दिसणाऱ्या बाजू, डिसेंबरात लवकर पडणारा अंधार, हे सारे सोसता येते.

रस्त्याचे थोडे वर्णन करणे भाग आहे. म्हात्रे पुलावर सायकलस्वाराला कडेची जेवढी जागा मिळते, तेवढ्याच जागेत पुढे जाण्याची घाई असलेल्या दुचाक्याही असतात. त्यांतल्या काही समोरून, म्हणजे उलट दिशेने, येतात. नळ स्टॉपला २०२२ पासून दुमजली पूल आहे. वर मेट्रो, तिच्याखाली वाहनांचा पूल, आणि सर्वांत खाली चौक. मेट्रो आली ही चांगलीच गोष्ट. वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा मार्च २०२२मध्ये सुरू झाल्यापासून आम्हीही तिचा उपयोग करतो. पण चौकाला इतके मजले चढले तरी त्यांत सायकलचा मजला नाही. तिथे आम्ही उतरतो, सायकली हातात धरतो आणि पायी चौक ओलांडतो. पादचाऱ्यांचा दिवा हिरवा असतानाही डावीकडे वळणारी वाहने थांबतातच असे नाही. धाकटा खुर्चीतून दोन्ही हात पसरून त्यांना थांबवू पाहतो. त्याला तो खेळ वाटतो.

याच चौकात आम्हांला सल्लेही मिळतात. बहुतेक सल्ले देणारी माणसे मनाने चांगली असतात. 'मॅडम, एवढ्या ट्रॅफिकमध्ये लेकरांना सायकलवर कशाला आणता? काही झाले म्हणजे?' असे शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या आजोबांनी एकदा अगदी कळकळीने विचारले. आमच्यापैकी दुसऱ्याला 'सर, तुमची हौस असेल, पण पोरांना का?' असे ऐकावे लागले आहे. या वाक्यांतली कळकळ खरी असते, म्हणूनच ती मनात राहतात. पण त्यांची रचना पाहिली तर लक्षात येते की प्रश्नाचा रोख सायकलवर बसलेल्यांकडे आहे. 'काही झाले म्हणजे' या शब्दांत जे होईल ते कोण करील, याचा उल्लेख नाही. कर्ता नाही, क्रिया आपली आपण घडते. आपल्या भाषेत अपघात नेहमी 'होतो', तो कुणी 'करत' नाही. वर्तमानपत्रातली बातमीही बहुधा 'अपघात झाला' अशीच असते, 'ट्रकने धडक दिली' असे पुढे कुठे तरी आले तरी. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या अकर्मक क्रियापदाकडे जरा थांबून पाहावे, असे आम्हांला वाटते.

इथे नेदरलँड्सचे उदाहरण आठवते. सायकलींचा देश म्हणून आज त्याची जी ख्याती आहे ती पाहून तिथल्या लोकांच्या रक्तातच सायकल असावी, असे आपण समजतो. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी झपाट्याने वाढल्या, रस्ते त्यांच्यासाठी रुंद झाले आणि सायकली कडेला गेल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे मरण पावली; त्यांत ४००हून अधिक लहान मुले होती. १९७२ साली विक लांगेनहॉफ या पत्रकाराने, ज्याची स्वतःची लहान मुलगी रस्त्यावरच गेली होती, एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. याच नावाने पालकांची चळवळ उभी राहिली. मुलाबाळांसह लोक रस्त्यांवर येऊन बसले, वाहने अडवली, संसदेपर्यंत गेले. १९७३चे तेलसंकट आले आणि या मागणीला बळ मिळाले. १९७६ साली 'वोनएर्फ' या कल्पनेला तिथल्या कायद्यात जागा मिळाली: घरांपुढच्या अशा रस्त्यावर वाहनाने चालण्याच्या गतीने जायचे, आणि खेळण्याचा हक्क मुलांचा. सायकलींचे वेगळे मार्ग पुढल्या दशकांत वाढत गेले.

या साऱ्या इतिहासात आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो शब्दाचा बदल. त्या पालकांनी 'अपघात' हा शब्द नाकारला आणि 'हत्या' हा शब्द वापरला. हत्या म्हटले की कर्ता शोधावा लागतो. तो कर्ता म्हणजे एखादा ड्रायव्हर नव्हे. रस्ता अमुक प्रकारे बांधायचा, अमुक वेगाला परवानगी द्यायची, असे ठरवणारे सारे त्यात येतात. शब्द फार कठोर होता, पण त्यामुळे पालकांच्या मनातला खासगी धसका सार्वजनिक प्रश्न झाला. स्वीडनमध्ये याच सुमारास स्टीना सान्डेल्स या बालमानसशास्त्राच्या अभ्यासक लहान मुलांच्या रस्त्यावरील वागण्याचा अभ्यास करत होत्या. आवाजाची दिशा ओळखणे, वाहनाच्या वेगाचा अंदाज घेणे, एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे, या क्षमता लहान वयात पुरत्या विकसित झालेल्या नसतात. तेव्हा कितीही शिकवले तरी मूल वाहतुकीला जुळवून घेऊ शकणार नाही, वाहतुकीनेच मुलाला जुळवून घेतले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ. 'पुढची रिक्षा बघ' असे आम्ही दिवसातून दहादा ओरडतो तेव्हा आम्ही वस्तुतः नऊ वर्षांच्या मुलीकडे तिशीतल्या माणसाची नजर मागत असतो.

आपल्याकडील आकडे याहून सौम्य नाहीत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत १८ वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांहून अधिक होती. दिवसाला पंचवीसहून जास्त, म्हणजे जवळजवळ एक वर्ग. तरी आपण अजून 'झाला' याच क्रियापदापाशी आहोत.

धोरणांची भाषा मात्र विध्यर्थाची असते. नागरिकांनी सायकल वापरावी, पर्यावरण राखावे, मुलांना लहानपणापासून व्यायामाची सवय लावावी. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्ता वाहनांसाठी नव्हे तर माणसांसाठी असावा, हे तत्त्व मांडले गेले. पुण्यात २०१७च्या अखेरीस भाड्याच्या रंगीत सायकली मोठ्या उत्साहात आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख भाषणांत अजून ऐकू येते. गौरव सारे करतात. पण आपले मूल तिथे नको, असे प्रत्येकाला वाटते.

हे वाक्य लिहिताना आम्हांला दुसरेही काही आठवते. आमच्या घरापासून शाळा साडेचार किलोमीटर दूर का, या प्रश्नाचे उत्तर असे की मुलांनी मराठी माध्यमात शिकावे, ही आमची इच्छा. शिक्षण हक्क कायद्याखालील महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, अशी अपेक्षा आहे. म्हणजे कायद्याने मुलाचे पाय हे माप मानले आहे. आमच्या घराजवळ शाळा आहेतही. पण पुरेशी पटसंख्या आणि उत्साही शिक्षक असलेली मराठी शाळा आम्हांला पेठेत सापडली. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या परिसरात आनंदाचे फलक लागले. त्या फलकांखालून इंग्रजी शाळांच्या बसगाड्या जात होत्या. यात उपहास नाही. एकेका पालकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच असतो. मात्र असे शहाणे निर्णय साठत गेले की मागे राहिलेल्यांची वाट अधिक कठीण होते: वर्गात मुले उरत नाहीत, आणि रस्त्यावर सायकली.

रस्त्याच्या बाबतीत तर हे फार स्पष्ट दिसते. सायकलवर धोका वाटला म्हणून एका घराने मुलाला स्कूटरवर घेतले. स्कूटरवर धोका वाटला म्हणून दुसऱ्याने गाडी घेतली. प्रत्येक पायरीवर त्या घराचे मूल थोडे सुरक्षित झाले आणि रस्त्यावर उरलेल्या मुलांपुढचा धोका थोडा वाढला. शाळा सुटताना फाटकाबाहेर सर्वांत जास्त भीती वाटते ती आपल्याच मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांची, हा अनुभव पुष्कळांचा असेल. भीतीमुळे रस्ता सोडायचा आणि सोडल्यामुळे भीती वाढवायची, असे हे चक्र आहे. एकट्या पालकाच्या धैर्याने ते थांबत नाही, हेही आम्हांला मान्य आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. संध्याकाळी साडेपाचला म्हात्रे पुलावर आमच्याखेरीज इतरही सायकली असतात. बांधकामावरून परतणारे मजूर, रात्रपाळीला निघालेले सोसायट्यांचे वॉचमन, हँडलला डबा अडकवलेले पोऱ्ये. 'कशाला आणता सायकल?' असे त्यांना कुणी विचारत नाही. त्यांच्या सायकलींना आमच्यासारखे लाल दिवे नाहीत, डोक्याला हेल्मेट नाही. आम्ही उद्या कंटाळलो तर स्कूटर घेऊ शकतो. त्यांच्यापुढे तो पर्याय नाही. त्यांतले काही जण आम्हांला ओळखू लागले आहेत. थोरली पुलाच्या चढावर हळू होते तेव्हा एक गृहस्थ तिच्या उजव्या बाजूला, रस्त्याच्या आतल्या अंगाला, आपली सायकल आणतात आणि चढ संपेपर्यंत तसेच चालवतात. एक शब्द बोलत नाहीत. त्या पाऊण मिनिटात आम्हांला एकही आज्ञार्थ वापरावा लागत नाही.

खेड्यापाड्यांत हीच सायकल मुलीला शाळेत टिकवण्यासाठी दिली जाते. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली आणि मुलींचे माध्यमिक शाळेत जाणे वाढले, असे अभ्यासकांनी दाखवले. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. तिथे सायकल म्हणजे मुलीने एकटीने घराबाहेर पडणे. शहरात आपण काळजीपोटी तीच वस्तू मुलीच्या हातातून काढून घेतो.

हे सारे विवेचन आम्हांला तटस्थपणे करता आले असते. पण आता ते तसे करता येत नाही. थोरली जूनमध्ये पाचवीत जाईल आणि तिची शाळा सकाळची होईल. दुपारी ती सुटेल तेव्हा आम्ही दोघेही तासावर असू. 'मी एकटी येऊ का?' असे तिने विचारले आहे. तिचा प्रश्न सरळ आहे. आमच्या मनात मात्र रात्री संकेतार्थ चालू होतो: जर ती बस थोडी जास्त डावीकडे आली असती तर, जर त्या दुचाकीवाल्याने पाहिले नसते तर. संकेतार्थाला शेवट नसतो. दुसरीकडे, जिला आपण स्वतः रस्ता वाचायला शिकवले तिला तो वाचू द्यायचा नाही, हेही पटत नाही. आमच्यात यावर एकमत नाही. आणि मत आलटूनपालटून बदलते.

तूर्त एवढेच ठरले आहे. पूल आणि नळ स्टॉप नेहमीप्रमाणे आमच्याबरोबर. तिथून पुढे गल्ल्यांतून घरापर्यंत ती पुढे, आम्ही बऱ्याच अंतरावर मागे. आणि मागून एकही सूचना द्यायची नाही. पहिल्या दिवशी तोंड मिटून ठेवणे चढ चढण्यापेक्षा अवघड गेले. घरी पोचल्यावर तिने आपण होऊन सांगितले की वाटेत तीन ठिकाणी तिला भीती वाटली: एका फाटकातून कुत्रे अचानक भुंकले तिथे, उतारावर वाळू होती तिथे, आणि एक रिक्षा बराच वेळ तिच्या मागे संथपणे येत होती तिथे. मागून पाहताना आमच्याही छातीत तीनदा धस्स झाले होते. ती तीनही ठिकाणे निराळी होती.